एथॅम्ब्युटॉलला वर्षाची वाट बघू नका
डोळ्यांना त्रास देऊ शकणारं औषध चालू असेल तर ‘वर्षातून एकदा डोळे तपासले की झालं’ असं म्हणतात, ते हायड्रॉक्सीक्लोरोक्विनपुरतं (संधिवात, ल्युपसवरचं औषध) ठीक. टीबीच्या एथॅम्ब्युटॉलला ते लागू नाही. तिथे दोन-चार महिन्यांतच डोळ्याची नस दुखावू शकते, आणि आपल्याकडच्या सहा महिन्यांच्या कोर्समध्ये हे औषध शेवटपर्यंत असतं. तेही एकत्रित गोळीत, त्यामुळे पेशंटला नाव माहीतच नसतं.

माझ्या मामांना चौथ्या महिन्यात कॅलेंडरवरच्या लाल तारखा मळकट तपकिरी दिसायला लागल्या. आम्ही म्हटलं, मोतीबिंदू असेल. पडदा तपासला तर नॉर्मल! (सुरुवातीला तो नॉर्मलच दिसतो.) रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचायला दिले तेव्हा पकडलं गेलं. क्रिएटिनिन (किडनी नीट काम करत नसली की रक्तात वाढतं ते) वाढलेलं होतं. हे औषध मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून ते अंगात साठत गेलं. छातीच्या डॉक्टरांनी तेवढंच बंद केलं, बाकीची औषधं चालू ठेवली. नजर सुधारायला सात-आठ महिने लागले, तीही पूर्ण नाही. त्यामुळे कोर्स सुरू करतानाच क्रिएटिनिन आणि रंगदृष्टी तपासून घ्या, नंतर महिन्याला एकेक डोळा झाकून पेपर वाचून बघा.