उइगुर आणि स्लोव्हाक: मराठीला जवळची कोणती?

प्रश्न: उइगुर आणि स्लोव्हाक या भाषांची तुलना होऊ शकते का? दोन्हींत सहा-सहा विभक्ती आहेत असं वाचलं. मग त्या एकाच कुळातल्या आहेत का? आणि मराठी माणसाला त्यांतली कुठली जवळची वाटेल?

उत्तर: एका कुळातल्या नाहीत. उइगुर ही तुर्की कुळातली, उझबेकच्या सगळ्यांत जवळची. ती मुख्यतः चीनच्या शिनजियांगमध्ये आणि काही प्रमाणात कझाकस्तानात बोलली जाते. स्लोव्हाक ही चेक आणि पोलिशसारखीच पश्चिम स्लाव्ह गटातली, म्हणजे इंडो-युरोपीय कुळातली. मराठीची लांबची नातेवाईक. विभक्तींची संख्या जुळली म्हणून कूळ जुळत नाही. कूळ पाहायचं तर अंक मोजून बघा. स्लोव्हाकमध्ये दोन-तीन म्हणजे ‘द्वा, त्रि’ आणि दहा म्हणजे ‘देसत्य’. उइगुरमध्ये एक-दोन-तीन म्हणजे ‘बिर, इक्की, उच’.

नात्यागोत्याचे शब्द तर फारच बोलके आहेत. स्लोव्हाकमध्ये सासरा ‘स्वोकोर’ आणि सासू ‘स्वोक्रा’; संस्कृतातले श्वशुर आणि श्वश्रू शेजारी ठेवा. दार म्हणजे ‘द्वेरे’, धूर म्हणजे ‘दिम’ (धूम), आकाश म्हणजे ‘नेबो’ (नभ).

मला सर्वांत मोलाची वाटते ती स्लोव्हाकमधली स्वर म्हणून वापरली जाणारी र आणि ल ही अक्षरं. आपण शाळेत ऋ, ॠ, ऌ, ॡ घोकतो. ऋ आता ‘रु’ झाला, ऌ ‘क्लृप्ती’पुरता उरला आणि ॡ तर मराठी शब्दांत भेटतच नाही. स्लोव्हाकमध्ये हे चारही उच्चार रोजच्या बोलण्यात जिवंत आहेत, ऱ्हस्व-दीर्घ भेदासकट. बोट म्हणजे ‘पृस्त’, वाळुंज म्हणजे ‘वॄबा’, लांडगा म्हणजे ‘वॢक’ (संस्कृत वृक) आणि खांब म्हणजे ‘स्तॣप’. यांत इ किंवा उ मिसळत नाही, र किंवा ल स्वतःच अक्षर पेलतो. मेलेला या अर्थाचा ‘मॄत्वी’ आणि आपला ‘मृत’ एकाच धातूचे आहेत. पाणिनीय परंपरेत ज्या वर्णांची इतकी काटेकोर चर्चा झाली, ते कानांनी ऐकायचे असतील तर स्लोव्हाकियाच्या राजधानीत, ब्रातिस्लाव्हाच्या ट्राममध्ये बसावं.

आता वाक्यरचनेकडे वळू, कारण तिथे पारडं फिरतं. उइगुर वाक्य: ‘मेन किताब ओकुयमेन’. मी, पुस्तक, वाचतो. क्रियापद शेवटी, मराठीसारखंच. त्याहून जवळची आहे ती संयुक्त क्रियापदांची पद्धत. उइगुरमधला ‘-इप’ प्रत्यय आपल्या ‘-ऊन’चं काम करतो. ‘येझिप बेर’ म्हणजे लिहून दे. ‘येझिप अल’ म्हणजे लिहून घे. ‘येझिप कोय’ म्हणजे लिहून ठेव. ‘येप बक’ म्हणजे खाऊन बघ, आणि ‘बक’ या धातूचा मूळ अर्थही पाहणं, सांभाळणं असाच आहे. हे शब्द कुणी कुणाकडून घेतलेले नाहीत. तुर्की, द्राविडी आणि भारतीय-आर्य भाषांच्या मोठ्या पट्ट्यात ही विचाराची ठेवणच पसरलेली आहे.

स्लोव्हाकमध्ये हेच काम धातूच्या आधी येणारे उपसर्ग करतात. ‘पीसत्य’ म्हणजे लिहिणं. ‘नापीसत्य’ म्हणजे लिहून पुरं करणं. ‘प्रेपीसत्य’ म्हणजे पुन्हा लिहिणं. आणि ‘पोद’ म्हणजे खाली, म्हणून ‘पोदपीसत्य’ म्हणजे सही करणं. आहार, विहार, संहार, प्रहार ही मालिका पाठ असलेल्याला हे लगेच उमगेल. संस्कृतची ही सवय स्लोव्हाकने बोलीत राखली, आणि मराठीचं दैनंदिन क्रियापद उइगुरसारखं मागच्या बाजूने वाढलं.

उइगुरमध्ये ‘केल्दी’ म्हणजे आला, आणि ‘केप्तु’ म्हणजे आला म्हणे, किंवा आलेला दिसतोय. स्वतः पाहिलेलं आणि कळलेलं यांतला फरक क्रियापदच सांगतं. सर्वनामंही बघा: सेन, सिझ, सिली, तू, तुम्ही, आपण. स्लोव्हाकमध्ये ‘ति’ आणि ‘वि’ एवढ्या दोनच पायऱ्या आहेत.

लिंगभेद मात्र उइगुरमध्ये मुळीच नाही. तो, ती, ते तिन्हींना ‘उ’. स्लोव्हाकमध्ये आला, आली, आलं म्हणजे ‘प्रिशिएल, प्रिश्ला, प्रिश्लो’. तिन्ही लिंगं आणि वर ‘ल’सुद्धा! पण इथे मोह आवरायला हवा. मराठीचा भूतकाळी ‘ल’ प्राकृतातल्या ‘इल्ल’ प्रत्ययातून आला, त्यामुळे या साम्यावरून थेट वारसा सिद्ध होत नाही.

पुरवणी प्रश्न: पण उइगुरमध्ये दुनिया, हवा, बाजार, दोस्त हे शब्द आहेत. ते नातं नाही का?

उत्तर: ती उसनवारी आहे. फारसी-अरबी शब्द शिनजियांगमधल्या तारीम खोऱ्यातही गेले आणि दख्खनेतही आले. वाटेत अर्थ कसे वळले ते पाहण्यासारखं आहे. उइगुरमध्ये ‘देर्या’ म्हणजे नदी, अमूदर्या आणि सिरदर्या या नावांतला तोच शब्द. आपल्या कोळीगीतांतला दर्या मात्र समुद्र. फारसीत समुद्र हा अर्थ आहेच, तो आपण उचलला; समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या उइगुरांनी नदीचा अर्थ धरला.

पुरवणी प्रश्न: मग उइगुर आणि स्लोव्हाक यांचा आपसात एकही दुवा नाही?

उत्तर: आहे, आणि तोही व्यापाराचा. स्लोव्हाकमध्ये माल म्हणजे ‘तोवार’, उइगुरमध्ये ‘तावार’. स्लाव्ह भाषांनी हा शब्द जुन्या तुर्की शेजाऱ्यांकडून घेतला असं सामान्यतः मानतात. दुसरा उंट. चेक भाषेत त्याला वेगळाच शब्द आहे, पण स्लोव्हाक त्याला ‘त्यावा’ म्हणते. तो हंगेरियन ‘तेवे’वरून आला, आणि हंगेरियनने तो तुर्की कुळातल्या भाषेतून घेतला होता. उइगुरमध्ये उंटाला ‘तोगे’ म्हणतात, त्याच मुळाचा.