फ्युजन म्हणजे भेसळ? मग हापूस कुठे बसवायचा?

कलमवाला: परवा 'तिखलं' यांनी इथे सुनावलं, "फ्युजन हे भेसळीचं इंग्रजी नाव. बांगड्यावर मेयोनीज, दशावतारात कीबोर्ड, जैतापूरला अणुभट्टी, सगळं फ्युजनच आणि सगळं कोकणाच्या मुळावर." वर वाहवा काय, टाळ्या काय! म्हणून हे लांबण.

आधी जैतापूर. माडबनला १६५० मेगावॅटच्या ज्या सहा भट्ट्या प्रस्तावित आहेत, त्यांत युरेनियमचा अणू फुटणार. ते फिशन. फ्युजनमध्ये ड्युटेरियम आणि ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनची दोन जड रूपं, जुळून हेलियम होतो, एक न्यूट्रॉन सुटतो, आणि जे वस्तुमान कमी भरतं त्याची ऊर्जा होते. त्यावर वीज विकणारं केंद्र जगात अजून कुठेच नाही. विरोध खुशाल करा, पण कशाला करताय ते तरी बघा.

दुसरं, भेसळ लपवून करतात. कुणी टाकोत, म्हणजे मेक्सिकन पोळीच्या घडीत, कुर्ल्यांचं सुकं भरून तसं पाटीवर लिहिलं, तर फसवलं कुणाला? तुमच्या तिखल्यातली, माशाच्या त्या तिखट कालवणातली, मिरचीही पोर्तुगीजांनीच आणली ना?

तिखलं: आला, पोर्तुगीज आला! अजून कसा नाही आला म्हणून वाटच बघत होतो. अहो, मिरची आमच्या पाट्यावर चारशे वर्षं वाटली गेलीय. तुमच्या टाकोवाल्याने चार दिवस तरी दिलेत का? मालवणातल्या एका हॉटेलात 'कोकण फ्युजन थाळी' मागवली. बांगड्याच्या तिखल्यात त्रिफळं नाहीत. विचारलं तर वाढणारा पोरगा म्हणतो, "पर्यटकांच्या दाताखाली येतात, म्हणून काढली." वर पांढरं मेयोनीज, नागमोडी. बांगडा बिचारा लाजला असेल.

आणि हो, फिशन. खूश? गरम पाणी समुद्रात सोडल्यावर अणू फुटून तापलं की जुळून, हे बांगड्याला कोण समजावणार?

निवृत्त मास्तर: बांगड्याला नको, तुम्हाला समजलं तरी पुरे. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत फ्युजनच्या प्रयोगात लेसरने २.०५ मेगाज्यूल ऊर्जा इंधनावर टाकली आणि ३.१५ परत मिळाली. पेपरांनी नाचून घेतलं. पण ते लेसर चालवायलाच सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली होती, हे आतल्या पानावर. फ्रान्समधल्या ईटर या फ्युजन-भट्टीच्या प्रकल्पात आपला देश भागीदार आहे, त्याच्या अजस्र क्रायोस्टॅटचे, म्हणजे भट्टीभोवतीच्या शीत निर्वात पिंपाचे, भाग गुजरातेत हजीऱ्याला घडले. कोणी वाचतं का हे?

पायपेटी: मास्तर, वाचलं. पण कीबोर्डाचं राहिलं. दशावतारात बुवा ज्या पेटीवर सूर धरतात, ती काय नारदमुनींनी आणली? हार्मोनियमचं पेटंट पॅरिसचं, १८४२ चं. आकाशवाणीने १९४० साली तिला बंदी घातली, ती १९७१ पर्यंत. आमच्या जत्रांना कोणी विचारलंही नाही.

तरी तिखल्यांचं अर्धं पटतं. 'शक्ती' या फ्युजन बँडमध्ये जॉन मॅक्लॉफ्लिनची गिटार आणि झाकीरभाईंचा तबला एकमेकांचं ऐकून वाजायचे. आमच्याकडच्या 'फ्युजन नाइट'ला पखवाजवाल्या काकांच्या कानात यंत्राची टिकटिक घातली आणि सांगितलं, याबाहेर जायचं नाही. काका अख्खा वेळ खाली मान घालून बसले. मानधनाचं तर बोलूच नका, अजून यायचंय.

खाडीपलीकडचा: तुमचं गाणं-खाणं चालू द्या. आमच्या बाबांच्या मणक्याचं फ्युजन झालं. दोन मणके स्क्रू आणि सळ्यांनी धरले, मध्ये हाडाचं कलम. डॉक्टर म्हणाले, स्क्रू नुसते धरून ठेवणार, खरं काम हाडाचं, त्याला महिने लागतात. जुळलं. कळ गेली, पण तिथलं वाकणंही गेलं. आता जाळं आम्ही ओढतो, ते किनाऱ्यावर उभे राहून शिव्या घालतात. जुळलेलं परत सुटत नाही, एवढं बघूनच काय ते जुळवा.

कलमवाला: हाडाचं कलम! आता बोला तिखलं, तुमचा हापूस काय आकाशातून पडला? नाव पोर्तुगीज अल्बुकर्कचं, झाड कलमाचं.

तिखलं: कलम म्हणजे फ्युजन नव्हे हो. खुंट खुंटच राहतो. बांधल्या जागेच्या खालून फूट आली की रायवळच लागणार. 'रत्ना' म्हणाल तर मान्य: वेंगुर्ल्याला नीलम आणि हापूसचा संकर केला, १९८१ मध्ये तिसराच आंबा बाहेर आला, आणि त्याला कोणी हापूस म्हणून विकत नाही. खरी भेसळ वाशीत बघा. कर्नाटकचा आंबा, देवगडची पेटी! मुंबईची आमची आत्या गेल्या साली असलीच पेटी घेऊन आम्हालाच भेट द्यायला आली.

पायपेटी: देवगडचीच कशाला? रत्नागिरीच्या नावावरही खपवतात.

तिखलं: तुमच्या नावावर खपतो, कारण चवीत फरक कळत नाही.

पायपेटी: तोंड सांभाळून! हापूसचं २०१८ चं भौगोलिक मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्गासकट रायगड, ठाणे, पालघरलाही आहे. सातबारा एकट्या देवगडच्या नावावर नाही.

कलमवाला: अहो, मूळ मुद्दा...

खाडीपलीकडचा: मुद्दो गेलो खड्ड्यात. पेटी कितीक देतास तां सांगा.

तिखलं: कोणाची, देवगडची की 'फ्युजन'?