वारसा यादीतला वाडा विक्रीला: निर्बंध मालकावर, मग खर्च कोणाचा?

घाटवाट (धागाकर्ता)

कृष्णाकाठच्या एका जुन्या गावात, घाटाकडे उतरणाऱ्या बोळातला दोनचौकी, म्हणजे दोन चौकांचा, वाडा विक्रीला निघाला आहे. तो स्थानिक वारसा यादीत दुसऱ्या श्रेणीत आहे. जाहिरातीत या गोष्टीचा उल्लेख अगदी तळाशी असून, त्याला जोडूनच ‘यादीतून नाव वगळून घेता येईल’ असे आश्वासन दिलेले आहे. माझी हरकत विक्रीला नाही, या आश्वासनाला आहे.

वारसा यादीत नाव आले की वास्तू विकता येत नाही, असा समज अनेक मालकांचा आणि त्याहून अधिक दलालांचा असतो. तो चुकीचा आहे. यादी मालकी बदलू देते, वास्तूत काय बदलावे एवढ्यापुरतेच तिचे म्हणणे असते. मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली लागू झाली आणि तिच्यातील श्रेणींची कल्पना पुढे इतरत्रही स्वीकारली गेली. पहिल्या श्रेणीत जतनासाठी आवश्यक असेल तेवढाच हस्तक्षेप चालतो. दुसऱ्या श्रेणीत परवानगीने अंतर्गत बदल आणि नवा वापर करता येतो. तिसऱ्या श्रेणीत याहून अधिक मोकळीक असते. म्हणजे या वाड्यात न्हाणीघरे नव्याने करता येतील, वायरिंग बदलता येईल, माजघराचे अभ्यासिकेत किंवा निवासगृहात रूपांतर करता येईल. यादीतून नाव काढणे हे काही दलालाच्या हातातले काम नाही. मुंबईच्या नियमावलीप्रमाणे त्यासाठी शासनाला हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. जे हातात नाही त्याच्या भरवशावर किंमत सांगणे ही खरेदीदाराचीही दिशाभूल आहे.

हा वाडा मी आतून पाहिला आहे. दिंडी दरवाजातून वाकून आत गेले की दोन्ही बाजूंना देवडी, म्हणजे पहारेकऱ्यांची ओसरी, पुढे पहिला चौक, त्याच्या चारही अंगांना सोपा, म्हणजे मोकळा ओटा, आणि सोप्याला दगडी तळखड्यांवर उभे असलेले सुरूच्या झाडाच्या आकाराचे लाकडी खांब. खांबांच्या माथ्याशी केळफुलांचे कोरीव काम आहे आणि त्यावरून कडीपाटाची, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांची, छते गेली आहेत. असा वाडा नाव वगळून पाडला गेला, तर खांब जुन्या लाकडाच्या बाजारात जातात, तेथून एखाद्या हॉटेलच्या दर्शनी भागात उभे राहतात, आणि तेथे ते कशाचाही भार पेलत नाहीत. वाईजवळ मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा भित्तिचित्रांसह अजून उभा आहे, घाट अजून वापरात आहे. नदीकाठची गावे वाडा आणि घाट मिळूनच तयार झाली आहेत. त्यांतले एक काढून दुसरे जपता येत नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की यादीतला वाडा विकताना तो यादीतला म्हणूनच विकावा, आणि तसा हवा असणारा खरेदीदार शोधावा.

सहहिस्सेदार

आपण लिहिलेले वर्णन वाचताना आनंद होतो, पण त्या सुरूच्या खांबांची वाळवी कोणाच्या खर्चाने काढायची, याबद्दल आपण एक अक्षरही लिहिलेले नाही. अशाच एका वाड्यात माझा वडिलोपार्जित हिस्सा आहे, म्हणून स्पष्ट लिहितो.

आमच्या वाड्यात आजोबांच्या काळापासून भाडेकरू आहेत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, आणि १९९९ चा कायदा आल्यानंतर वर्षाला चार टक्के वाढ करण्याची मुभा मिळाली. गोठलेल्या रकमेवर चार टक्के म्हणजे काय, हे कोणीही हिशेब करून पाहावे. वर्षभराच्या भाड्यात पावसाळ्यापूर्वी कौले चाळून घेण्याची मजुरीसुद्धा निघत नाही. भिंत कललेली दिसली की पालिकेकडून धोकादायक इमारतीची नोटीस येते, ती मालकाच्या नावाने. दुरुस्तीला हात घालावा तर वारसा समितीच्या परवानगीशिवाय काम करू नये, असे पत्र येते, तेही मालकाच्याच नावाने. मधल्या काळात पाऊस कोणाच्या परवानगीसाठी थांबत नाही.

वाडा जपणे सार्वजनिक हिताचे असेल, तर त्याची किंमतही सार्वजनिक असली पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. मुंबईच्या नियमांत बांधकामाचा हक्क गमावणाऱ्या मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क (टीडीआर), देण्याची तरतूद आहे. ती तेथे उपयोगी पडते, कारण तेथे जागेला भूक आहे आणि तो हक्क विकत घेणारे बिल्डर आहेत. नदीकाठच्या लहान गावात तो कागद कोण घेणार? शेजारी साध्या घराच्या जागी चार मजले चढतात, त्याच बोळातल्या यादीतल्या मालकाला मात्र आहे तेवढ्यावर थांबावे लागते, आणि वर त्याने वाड्याबद्दल अभिमान बाळगावा अशी अपेक्षा असते. अभिमान आहेच. त्याने छप्पर मात्र दुरुस्त होत नाही. अशा मालकाने नाव वगळण्याचा प्रयत्न केला, तर त्याला दोष देण्याआधी त्याच्यासमोर दुसरा कोणता मार्ग ठेवला आहे, ते सांगावे.

मधली पेठ

मी भाडेकरूंच्या बाजूने थोडेसे लिहिते. वाडा विकला म्हणजे भाडेकरू आपोआप निघत नाहीत. नवा मालक जुन्या मालकाच्या जागी येतो, एवढेच. आमच्या शेजारच्या वाड्यात खरेदीदाराने छप्पर मुद्दाम उघडे ठेवले होते, म्हणजे भिंती भिजून धोकादायक ठरतील आणि माणसे स्वतःहून जातील. वारसा जपण्याच्या चर्चेत आम्ही ‘अडचण’ म्हणून येतो, पण रोज चौक झाडणारे आणि गळती पहिल्यांदा पाहणारे आम्हीच असतो.

चुना-वीट

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम मी करतो. सहहिस्सेदार यांचा आर्थिक मुद्दा मला मान्य आहे, परंतु ‘वाडा पडायला आला आहे’ हे वाक्य ज्या सहजतेने वापरले जाते, त्याला माझा विरोध आहे. वाडा सहसा म्हातारपणाने पडत नाही, चुकीच्या दुरुस्तीने पडतो.

वाड्याचे जोते काळ्या दगडाचे, भिंती विटांच्या, मातीच्या किंवा चुन्याच्या, आणि भार पेलणारा सांगाडा बहुतेक लाकडाचा असतो. जोत्यातून चढणारी ओल चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडून वाळते. त्याच भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, वर सरकते, आणि भिंतीत रुतलेल्या तुळईच्या टोकाशी जाऊन थांबते. बाहेरून भिंत कोरडी आणि गुळगुळीत दिसते, आत तुळईचे टोक भुसा होत असते. तपासायचे तर भिंतीलगत तुळईत स्क्रूड्रायव्हर दाबून पाहावा. तो विनासायास आत गेला, तर तेथे लाकूड उरलेले नाही असे समजावे. तरीही बहुधा अख्खी तुळई बदलावी लागत नाही. कुजलेला भाग कापून त्याच जातीच्या, नीट वाळलेल्या लाकडाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडता येतो. हे काम जाणणारे सुतार कमी झाले आहेत, ही खरी अडचण आहे.

म्हणून यादीतला वाडा घेणाऱ्याने आधी जाणकार अभियंत्याकडून खणाखणाची, म्हणजे दोन खांबांमधल्या प्रत्येक भागाची, पाहणी करून घ्यावी, आणि विकणाऱ्याने तो अहवाल व्यवहाराच्या कागदांत जोडावा. अहवालाशिवाय मालक अभिमानाची किंमत सांगतो आणि खरेदीदार भीतीची, मग व्यवहार अडतो आणि मधल्या काळात छप्पर गळत राहते.

पूररेषा

लाकूड आणि चुना यांच्याआधी नदीचा विचार व्हावा, असे मला वाटते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुराने पुण्यातल्या नदीलगतच्या पेठांमधील मातीची घरे बसली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आणि कोल्हापुरात जे झाले, ते सर्वांनी पाहिले आहे. मातीच्या भिंतीत पाणी काही दिवस उभे राहिले, तर तिचा भरवसा उरत नाही. अशा जागी वाडा आहे तसाच राखण्याचा आग्रह हा राहणाऱ्या माणसांच्या जिवाशी खेळ ठरू शकतो. पाडून उंच जोत्यावर नवे बांधणे अधिक सुरक्षित नाही का?

घाटवाट

पुराचा धोका मी नाकारत नाही. पण पाडून नवे बांधण्याचा मार्ग वाटतो तितका मोकळा नाही. पाटबंधारे खात्याने आखलेल्या निळ्या रेषेच्या, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई आहे, आणि जुन्या अधिकृत इमारतीचा पुनर्विकास करायचा तरी शंभर वर्षांच्या पुराची लाल रेषा धरून उंचीची अट पाळावी लागते. घाटालगतचा वाडा पाडणाऱ्याने या दोन्ही रेषा आपल्या मिळकतीवरून कशा जातात, ते आधी नकाशावर पाहावे. तळमजल्यावर झोपण्याच्या खोल्या न ठेवणे, वीजमीटर वर घेणे, पूर ओसरल्यावर भिंती चुन्याने वाळू देणे, हे उपाय वाडा न पाडताही करता येतात.

सहहिस्सेदार, आपला भरपाईचा मुद्दा मला पूर्णपणे पटतो. मालमत्ता करात सूट, दुरुस्तीला थेट अनुदान, आणि लहान गावातला टीडीआर मोठ्या शहरात वापरण्याची सोय, या तीन मागण्यांवर आपण दोघे एकाच अर्जावर सही करू शकतो. २०१७ साली जागतिक वारसा शहर ठरलेल्या अहमदाबादेत पोळांमधील, म्हणजे जुन्या गल्लीवस्त्यांमधील, लाकडी घरे दुरुस्त होऊन निवासगृहे म्हणून चालू लागली आहेत; तेथेही मालक गरीब होते आणि घरे गळकी होती. मात्र भरपाई मिळत नाही म्हणून यादीच काढून टाका, हे मी मान्य करणार नाही. नाव एकदा गेले की पुढे भरपाई मागण्याचा आधारही जातो.

सहहिस्सेदार

अर्जावर सही करीन. तरी एक गोष्ट या वाड्याकडे पाहणाऱ्या खरेदीदारांसाठी लिहितो, कारण तिच्याकडे या चर्चेत कोणीच वळलेले नाही. अशा वाड्यांच्या मिळकत पत्रिकेवर अनेक नावे असतात, आणि हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबातील मुलींचाही जन्मसिद्ध हक्क धरावा लागतो. घाईत असलेला एखादा भाऊ आपला अविभक्त हिस्सा परस्पर विकतो. तसा तो विकू शकतो, पण राहत्या वाड्याचा असा हिस्सा घेणाऱ्या परक्याला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे कुटुंबासोबत ताबा मागता येत नाही. त्याने वाटपाचा दावा लावला, तर १८९३ च्या वाटप कायद्याप्रमाणे कुटुंबातला हिस्सेदार तो हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला परत घेण्यास पुढे येऊ शकतो. ज्याला वाडा खरोखर जपायचा आहे, त्याने सर्वांच्या सह्या एका खरेदीखतावर होत असतील तरच विसार द्यावा. आमच्या वाड्याच्या बाबतीत एका बहिणीची सही राहिली आहे. तिचे म्हणणे असे, की श्रेणीमुळे किंमत किती कमी धरली, ते कागदावर दाखवल्याशिवाय ती सही करणार नाही, आणि तिचे हे म्हणणे मला रास्त वाटते.