केरळने केले ते आपणही करावे, पण पुढे जाऊन

सार्वजनिक आरोग्याचे विखुरलेले कायदे रद्द करून महाराष्ट्राने एकच सुटसुटीत कायदा करावा, ही सूचना मला मनापासून पटते आणि तिला केरळचे उदाहरण जोडावेसे वाटते. राज्य १९५६ साली एक झाले, तरी तिथे मलबारकडे १९३९ चा मद्रास सार्वजनिक आरोग्य कायदा आणि दक्षिणेत १९५५ चा त्रावणकोर-कोचीन कायदा असे दोन कायदे चालत राहिले. २०२३ च्या कायद्याने ते एकत्र आणले आणि राज्य, जिल्हा व स्थानिक अशा तिन्ही पातळ्यांवर आरोग्य प्राधिकारी ठरवून दिले.

आपल्याकडे गुंता अधिक आहे. मुंबईला १८८८ चा महापालिका कायदा, इतर महापालिकांना १९४९ चा, नगरपरिषदांना १९६५ चा, ग्रामपंचायतींना आणखी वेगळा, खासगी रुग्णालयांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र. आणि साथ आली की हात जातो तो मुंबईतील प्लेगनंतर घाईने केलेल्या १८९७ च्या साथरोग कायद्याकडे. अवघ्या चार कलमांचा तो मूळ कायदा सरकारला विस्तृत अधिकार देतो, परंतु विलगीकरणात ठेवलेल्या माणसाचे अन्न, उपचार, बुडालेली मजुरी यांची जबाबदारी कोणावर, हे स्वतः ठरवून देत नाही; खर्च आणि भरपाई कोणी द्यायची, हेही तो सरकारवरच सोडतो.

म्हणूनच जुनी कलमे नुसती एका पुस्तकात बांधणे मला अपुरे वाटते. गावाची हद्द संपून नगरपरिषदेची सुरू होते तिथे दूषित पाण्याची तक्रार कोणी घ्यायची आणि किती दिवसांत निकाली काढायची, हे मसुद्यात सर्वांत आधी लिहिले जावे.