धार चार दिवसांत जाते, कोणत्या पोलादाची सुरी घेऊ? (मदत हवी आहे)

बोथट_सुरी: दगडावर तासभर घासून धार लावतो. पहिल्या दिवशी कागद सरकन कापला जातो, चौथ्या दिवशी पातं नुसतं घसरतं. कंटाळलोय. व्हीजी-१० की एस३५व्हीएन, या दोन पोलादांपैकी जास्त दिवस धार कशात टिकते तेवढंच सांगा. आजच ऑर्डर करायची आहे.

कार्बनप्रेमी: दोन्ही नकोत, शिरोगामी घ्या. साधं कार्बन पोलाद आहे, पाच मिनिटांत धार चढते. फक्त वापरून झाली की लगेच पुसून ठेवायची, नाहीतर गंज धरते.

बोथट_सुरी: टिकण्याबद्दल विचारलंय हो.

तिरका_कोन: आत्ताची सुरी कुठली? दगड किती ग्रिटचा, म्हणजे किती खरखरीत? कापता कशावर?

बोथट_सुरी: साधी स्टेनलेस. दगडावरचा आकडा पुसला गेलाय. कशावर कापतो याचा इथे काय संबंध?

पोलादवेडा: साध्या स्टेनलेसची कठीणता बहुतेक वेळा रॉकवेल मापावर ५४-५६ असते, व्हीजी-१० ची ६० च्या आसपास. एस३५व्हीएनमध्ये तर व्हॅनेडियम आणि नायोबियमचे कार्बाइड, म्हणजे फार कठीण कण असतात, धार सावकाश झिजते. डोळे झाकून घ्या.

तिरका_कोन: तेच कार्बाइड दगडालाही दाद देत नाहीत. व्हॅनेडियम कार्बाइड ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षा कठीण असतं. ज्यांना आज तासभर लागतोय त्यांना तुम्ही आणखी घासायला लावताय.

पोलादवेडा: एस९०व्ही असतं तर मान्य केलं असतं, त्यात व्हॅनेडियम ९ टक्के असतं. एस३५व्हीएनमध्ये ३ टक्के. मी साध्या दगडावरच लावतो, व्यवस्थित लागते.

लाकडी_मूठ: मूठ कोरडी पडून तडकत असेल तर जवसाच्या तेलाचा हात द्या. रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी पुसायचं.

बोथट_सुरी: मूठ ठीक आहे! कापायची फळी काचेची आहे, धुवायला बरी पडते.

तिरका_कोन: ती आधी बाजूला ठेवा. काचेवर प्रत्येक घावाला धार आपटते, पोलाद कुठलंही असो. लाकडाची घ्या.

दुसरी शंका बरची आहे. एका बाजूने घासताना धातूची बारीक कड दुसऱ्या बाजूला वळते, तिला बर म्हणतात. ती राहिली तर पहिल्या दिवशी तीच कागद कापते आणि मग दुमडते. तुम्ही सांगताय ते अगदी तसंच आहे. धारेच्या दोन्ही उतारांवर मार्करची शाई फासा, दगडावर चार हात मारा आणि शाई कुठे उरते ते बघा. मग बर चाचपायला अंगठा पात्याच्या पाठीकडून धारेकडे आडवा न्या. धारेच्या दिशेने लांबीवर फिरवू नका, बोट कापेल.

बोथट_सुरी: आत्ता करून पाहिलं. उजव्या बाजूची शाई साफ गेली. डाव्या बाजूला धारेलगत केसाएवढी काळी रेघ उरलीय, आणि त्याच बाजूला अंगठ्याला काहीतरी अडकतं.

तिरका_कोन: हाच तो बर. डाव्या बाजूला तुमचा दगड धारेपर्यंत पोचतच नाही. पाठ जराशी उचला आणि रेघ जाईपर्यंत घासा. मग दाब अगदी कमी करून बाजू आलटून पालटून घ्या. शेवटी चामड्यावर पाठ पुढे ठेवून ओढा.

बोथट_सुरी: चामड्याचा जुना कमरपट्टा चालेल? ऑर्डर आज थांबवतो.

कार्बनप्रेमी: चालेल. फळीवर ताणून बसवा, सैल राहिला तर धार गोल होते.

पोलादवेडा: आधी ही जमवा. एस३५व्हीएन मात्र नंतर घ्याच.