युरोपात भाड्याच्या घरात नीट झोपता येईल असा बेड कसा शोधायचा?

चाफेकळी:
नमस्कार मंडळी. येत्या मे महिन्यात आम्ही १४ दिवस युरोपला चाललोय. मी, नवरा, मुलगा (वय ७) आणि सासू-सासरे. पॅरिसला ४ रात्री, मग स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनच्या आसपास ५, शेवटी फ्लोरेन्स आणि रोम. पाच जण म्हटल्यावर हॉटेलच्या दोन-तीन खोल्या घेण्यापेक्षा किचनवालं घर बरं पडतं, शिवाय आईंना सकाळचा चहा नि रात्रीची मुगाची खिचडी घरचीच लागते, त्यामुळे सगळीकडे अपार्टमेंटच बघतेय. व्हिसा, विमान, ट्रेनचे पास सगळं मार्गी लागलंय, गाडी अडलीय ती बेडपाशी.

कारण दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघं एडिंबराला गेलो होतो. लिस्टिंगमध्ये 'डबल बेड' लिहिलेलं, फोटोत छान पांढरी चादर, चार उशा. प्रत्यक्षात बेड जेमतेम साडेचार फूट रुंद आणि पायथ्याला लोखंडी गजांची जाळी. नवरा ६ फूट २ इंच. रात्रभर त्याची पावलं त्या गजांत, सकाळी दोन्ही घोट्यांवर लाल वळ. दुसऱ्या रात्री तो तिरका झोपला आणि मी मुलाच्या शेजारी अंग चोरून, तिसऱ्या रात्री शेवटी गादीच काढून जमिनीवर टाकली. घर स्वच्छ होतं, मालकीणबाई प्रेमळ होत्या, पण तीन रात्री झोप नाही म्हटल्यावर आर्थर्स सीटची टेकडी अर्धी चढूनच परत फिरलो. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

यावेळी आई बरोबर आहेत, त्यांचं कमरेचं जुनं दुखणं. एक रात्र जरी अवघडून गेली तरी दुसरा दिवस सगळा बेल्ट लावून खुर्चीत. आयुष्यात पहिल्यांदा परदेशी निघाल्यात, त्यांचा एकही दिवस असा जाऊ द्यायचा नाहीये. तर डबल, क्वीन, किंग यांची मापं सगळीकडे सारखी नसतात का? आणि पैसे भरायच्या आधी खरं माप कळणार कसं?

टेम्सकाठी:
नसतात हो, तिथेच सगळे फसतात. मी लंडनला १२ वर्षं आहे, इथलं सांगतो. सिंगल ३ फूट, स्मॉल डबल ४, डबल साडेचार, किंग ५ आणि सुपरकिंग ६ फूट. म्हणजे आपल्याकडचा ६ बाय साडेसहाचा पलंग, ज्याला दुकानदार किंग म्हणतो, तो इथला सुपरकिंग. इथला किंग म्हणजे अमेरिकेतला क्वीन, ६० इंचांचा. नावावर जाऊच नका, सरळ सेंटिमीटर विचारा.

आणि एक गोष्ट रुंदीच्या नादात सुटते, लांबी. इथे डबलपर्यंतच्या गाद्या १९० सेंटिमीटर असतात, किंगपासून पुढे २००. तुमचे मिस्टर १८८. त्यात झोपल्यावर माणसाची पावलं खाली ताणली जातात, म्हणजे आडवा माणूस उभ्यापेक्षा लांब भरतो, आणि उशी काही डोक्याच्या वर ठेवत नाही कोणी, ती पण जागा खाते. गजांत पाय अडकणारच. उंच माणसानं इथे किंगच्या खालचं बघूच नये, एकटा झोपणार असेल तरी.

रुंदीचं म्हणाल तर १३५ मध्ये दोघं म्हणजे माणशी साडेसदुसष्ट सेंटिमीटर. आमच्या मुलीच्या लहानपणच्या कॉट बेडची गादी ७० ची होती. जुन्या व्हिक्टोरियन घरांत वरच्या खोल्या लहान, जिना अरुंद आणि वळणाचा, मोठा बेड वर चढतच नाही म्हणून मालक तसलेच ठेवतात, मुद्दाम फसवतात असं नाही. पुन्हा इकडे आलात तर 'झिप अँड लिंक' बेड शोधा, तीन फुटांचे दोन सिंगल, मधे चेन लावली की सहा फुटांचा एक. तुमच्या सासू-सासऱ्यांसारख्यांना फार सोयीचा, हवा तर वेगळा हवा तर जोडून.

स्टुटगार्टवासी:
स्वित्झर्लंडचं मी सांगते कारण तिथली पद्धत बरीचशी आमच्या जर्मनीसारखी. तिथे रुंदीची चिंता सहसा नसते, डबल बेड म्हणजे बहुतेक १८० बाय २००, नाहीतर १६० बाय २००. भानगड वेगळीच आहे. चौकट एक असते पण आत गाद्या दोन, ९०-९० च्या, आणि मधे फट. त्या फटीला जर्मनमध्ये चक्क शब्द आहे, 'बेझूखररित्से', म्हणजे पाहुण्याची फट. तुमचा मुलगा मधे झोपणार असेल तर तो रात्रीत घसरत घसरत बरोबर त्या फटीत जाणार. आमच्याकडे भाचा आला होता तेव्हा पहाटे दोन गाद्यांच्या मधे पार लाकडी चौकटीपर्यंत गेलेला, एक हात खाली लोंबतोय आणि गाढ झोपलेला. म्हणून 'गादी एक की दोन' हे वेगळं विचाराच. दोन असल्या तर वरून अखंड टॉपर (गादीवर अंथरायची पातळ गादी) आहे का ते विचारा, नसला तर जास्तीचं ब्लँकेट लांब गुंडाळून फटीत दाबून बसवायचं आणि वरून मोठी चादर आडवी घट्ट खोचायची, दोन-चार रात्री निभावतं. मोठ्या माणसांना मात्र ह्याच दोन गाद्या बऱ्या, एकानं कूस बदलली तर दुसऱ्याला धक्का लागत नाही, पांघरुणंही दोन वेगवेगळी असतात, ओढाओढी नाही.

आईंसाठी उंची पण बघा. इकडे बॉक्सस्प्रिंगचे (खाली स्प्रिंगची पेटी, वर जाड गादी) बेड आलेत ते ६० सेंटिमीटरच्या आसपास उंच असतात, बुटक्या माणसाला कडेला बसलं की पाय टेकत नाहीत, आणि कमरेचं दुखणं असेल तर उठताना पाय टेकणं फार महत्त्वाचं. उलट डोंगरातल्या लाकडी घरांत बेड उतरत्या छपराखाली असतो, उठताना डोकं आपटतं, आणि तिथे जायला कधीकधी शिडीसारखा जिना. फोटोत छप्पर तिरकं दिसलं की आई-बाबांची खोली कुठल्या मजल्यावर ते विचारून घ्या.

भटकी_मावशी:
मी आईला (वय ७१) घेऊन फ्रान्स-इटली केलंय, त्यामुळे हे सगळं भोगून झालंय. पॅरिसबद्दल आधी सांगते कारण तुमची खरी अडचण तिथेच येणार. तिकडे साधा दोघांचा बेड म्हणजे १४० बाय १९०. १६० बाय २०० असेल तर मालक बहुतेक वेळा अभिमानानं आकडा लिहितात, आकडा नसेल तर १४० धरून चाला. आणि '५ जणांची सोय' म्हणजे पाच जणांचे बेड नव्हेत, त्यातले दोघं दिवाणखान्यातल्या सोफ्यावर. तिथला 'क्लिक-क्लॅक' नावाचा सोफा असतो, पाठ मागे पाडली की झाला बेड, पण बसायचं नि टेकायचं यांच्या मधे जी शीर राहते ती बरोबर पाठीखाली येते. आईंना त्यावर अजिबात नको. 'मेझनीन' शब्द दिसला तर ते घर सोडून द्या, म्हणजे बेड माळ्यावर आणि रात्री बाथरूमला जायला शिडी.

फोटोवरून ओळखायची माझी एक खूण आहे. उशा बघायच्या. फ्रान्समधल्या चौकोनी उशा ६० नाहीतर ६५ सेंटिमीटरच्या असतात. दोन शेजारी-शेजारी ठेवल्यावर गादीच्या कडेला जागाच उरत नसेल तर बेड १४० चा, दोन्ही बाजूंना वीतभर गादी मोकळी दिसत असेल तर १६० च्या पुढचा. इंग्लंडमध्ये उशी ७५ ची आडवी, दोन मिळून १५०, म्हणजे किंगवर बरोब्बर बसतात आणि डबलवर एकमेकींवर चढतात. चाफेकळी, तुझ्या एडिंबराच्या चार उशा दोन-दोनच्या थप्पीत होत्या का गं? फोटो वाइड अँगलनं काढला तर खोली फुगते, पण उशी नि गादी दोन्ही सारखीच फुगतात.

इटलीत 'मात्रिमोनिआले' शोध, साधारण १६० रुंद असतो. 'फ्रांचेझे' म्हणजे १४०, 'ऊना पियात्सा ए मेत्सा' म्हणजे दीड माणसाचा, १२०, तो दोघांना नको. बुकिंग डॉट कॉमवर बेडच्या नावाशेजारी रुंदी पण येते, १३१ ते १५०, १५१ ते १८० अशी. ती मालकानंच भरलेली असते म्हणून तेवढ्यावर विसंबू नये, पण १३१ ते १५० दिसलं तर ते मात्र खरंच समजावं, स्वतःहून कमी कोण लिहितंय.

वाचनमात्र:
जपानला जाणारं कोणी असेल तर, तिथे 'सेमी डबल' खोली दोघांना देतात ती १२० ची. आम्ही दोघं सडपातळ आहोत तरी एकानं कूस बदलली की दुसरा भिंतीला. ट्विन (दोन वेगळे सिंगल) घ्या नाहीतर ततामीवर (गवती चटयांच्या जमिनीवर) फुतोन, म्हणजे घडीची गादी, अंथरतात ते घर घ्या. सतरंजी-गादीवर वाढलेल्या माणसाला फुतोनवर फार छान झोप लागते, पायथ्याला गज नाही की कड नाही.

चाफेकळी:
सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री बसून सहा घरमालकांना मेसेज टाकले. विचारलं ते एवढंच: गादीची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, गादी एक की दोन, पायथ्याला पट्टी आहे का, आणि जमिनीपासून गादीच्या वरपर्यंत उंची किती. सासरे म्हणाले आधी आपला पलंग मोजू, म्हणजे अंदाज येईल, तर ते टेप घेऊन आले आणि आई-बाबांचा बेड निघाला १८३ बाय १९८, उंची ४८. आई कडेला बसल्या, दोन्ही पाय सपाट टेकले, म्हणाल्या हे ४८ लिहून घे.

स्वित्झर्लंडच्या बाईंनी तासाभरात टेप लावलेला फोटो पाठवला, १८० बाय २००, गाद्या दोन, उंची ४६, आई-बाबांची खोली तळमजल्यावर. ते बुक करून टाकलं. मुलाला तिथे वेगळा सिंगल आहे त्यामुळे फटीचा प्रश्न नाही. फ्लोरेन्सवाल्यांनी आई-बाबांसाठी दोन सिंगल वेगळे मांडून देतो म्हणून कळवलंय. रोमचं उत्तर यायचंय. पॅरिसच्या दोघांकडूनही १४० बाय १९० आलं, आणि मावशी, एडिंबराचा फोटो काढून बघितला, उशा दोन-दोनच्या थप्पीतच होत्या, तरी एकमेकींवर चढलेल्या.

पॅरिसमध्ये आता दोन शेजारी-शेजारी छोटी अपार्टमेंट मिळतात का बघतेय, एकात १६० बाय २०० आणि दुसऱ्यात ट्विन, लिफ्टसकट. कोणी अशी शेजारची दोन घरं घेतली आहेत का? कुठल्या भागात शोधू?

भटकी_मावशी:
त्यापेक्षा अपार्टहॉटेल बघ गं. एकाच मजल्यावर दोन स्टुडिओ मागता येतात, छोटं किचन असतं, खिचडीपुरतं पुरतं, लिफ्ट असते, आणि फोन केला की रिसेप्शनवरचा माणूस बेडचं माप सांगतो. पॅरिसच्या भागांना नंबर असतात, त्यातल्या १५ व्या भागात बरीच आहेत, आयफेल टॉवरपासून फार लांब नाही आणि मेट्रो हाताशी. फक्त बुक करताना दोन्ही खोल्या एकाच मजल्यावर हव्यात हे लिहूनच दे.