पत्ता बदलला, नाव मात्र जुन्याच मतदारयादीत: आता काय करावे?

मिरज_ते_वाकड (प्रश्न)

नमस्कार. नोकरीमुळे पाच वर्षांपूर्वी आम्ही मिरजेहून वाकडला राहायला आलो. मुलांची शाळा, गॅसजोडणी, बँकखाते सगळे इकडे आहे. मिरजेत वडिलांचे घर आणि त्यात माझा वाटा एवढेच उरले आहे. मतदारयादीतले नाव मात्र तिकडेच राहिले, म्हणून २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा मतदानाला मी मिरजेला जाऊन मत देऊन आलो. परवा आमच्या सोसायटीत नावनोंदणीचे अर्ज वाटणाऱ्या एका गृहस्थांनी माझ्या हातात नमुना ६ दिला आणि "पूर्वी कुठेही नाव नव्हते असे लिहा, मिरजेचे नाव राहू द्या," असे सांगितले. हे मला पटलेले नाही. मी मिरजेत दिलेले मत बेकायदेशीर होते का, आणि आता योग्य मार्ग कोणता?

निवृत्त_शिक्षक

मिरजेत दिलेल्या मताबद्दल मनात किंतु ठेवू नये. ज्याचे नाव मतदारसंघाच्या यादीत आहे त्याला तिथे मत देण्याचा हक्क आहे, असे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ६२ सांगते. मी अनेक निवडणुकांत केंद्राध्यक्ष म्हणून काम केले आहे. आलेला माणूस तोच आहे ना, एवढे आम्ही पाहतो. तो हल्ली कुठे राहतो याचा निवाडा मतदान केंद्रावर होत नाही. आमच्याकडे गैरहजर, स्थलांतरित आणि मयत मतदारांची वेगळी यादी असते. एकदा लग्न होऊन गेलेली एक मुलगी माहेरच्या केंद्रावर आली आणि तिचे नाव त्या यादीत निघाले. मतदान प्रतिनिधीने लगेच हरकत घेतली. मी ओळखपत्रावरचा फोटो नीट पडताळला, नोंदवहीत सहीबरोबर अंगठाही घेतला, तर्जनीला शाई लावली आणि तिला मत देऊ दिले, कारण मूळ यादीतून तिचे नाव वगळलेले नव्हते.

परंतु नाव तिकडेच ठेवणे योग्य नाही. १९५० च्या कायद्याप्रमाणे माणूस जिथे सर्वसाधारणपणे राहतो तिथेच त्याची नोंद असावी लागते, आणि केवळ घराची मालकी आहे म्हणून तो तिथला रहिवासी ठरत नाही. त्याच कायद्याच्या कलम १७ नुसार दोन मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही, तर कलम ३१ नुसार खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्या गृहस्थांचे ऐकून सही केली असती तर उद्या जाब तुम्हालाच द्यावा लागला असता, त्यांना नव्हे. नमुना ६ प्रथमच नोंदणी करणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही नमुना ८ भरा. १ ऑगस्ट २०२२ पासून मतदारसंघ बदलला तरी स्थलांतरासाठी तोच अर्ज चालतो.

ठाण्याची_सून

मी नाशिकहून ठाण्याला आल्यावर हाच अर्ज ऑनलाइन भरला. पत्त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार जोडला, बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) बाई घरी येऊन खातरजमा करून गेल्या आणि ओळखपत्राचा क्रमांक जुनाच राहिला. पहिल्या वेळी मात्र मी निवडणूक जाहीर होईपर्यंत थांबले आणि पस्तावले. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीसाठी नवे नाव चढत नाही, आणि त्याआधी हरकतींसाठी दिवस सोडावे लागतात, त्यामुळे ऐन वेळी दिलेला अर्ज असून नसल्यासारखाच. आपण आजच भरावा.

चिंचवडकर

एक गोष्ट राहिली. महापालिकेच्या प्रभागयाद्या विधानसभेच्या याद्या फोडूनच तयार होतात. नाव मिरजेत असेपर्यंत वाकडच्या पाण्याचा, कचऱ्याचा आणि रस्त्यांचा कारभार पाहणारा नगरसेवक निवडताना आपल्याला मत नाही, आणि रोजचा त्रास तर तिथलाच आहे. अर्ज मंजूर होण्याआधी निवडणूक आलीच, तर निघण्यापूर्वी मिरजेच्या यादीत नाव शाबूत आहे का ते पाहावे, कारण यादीत नाव नसेल तर नुसत्या ओळखपत्रावर मत देता येत नाही.

मिरज_ते_वाकड

सर्वांचे मनापासून आभार. नमुना ६ चा कोरा कागद त्या गृहस्थांना परत केला आणि ही गोष्ट गुन्हा ठरते हेही त्यांना स्पष्ट सांगितले. आज रात्री माझा आणि पत्नीचा नमुना ८ भरला, भाडेकरार जोडला आणि संदर्भ क्रमांक लिहून ठेवला आहे.